लेकराला कॅन्सर झाला, तरी देव चांगला कसा मानायचा?

प्रश्न नागपुरातल्या मेडिकलच्या वॉर्डातून आलाय, म्हणून आधी एक खबरदारी. आईबापांना 'कर्माचं फळ' हे उत्तर देऊ नका. कुणाला सुख, कुणाला दुःख देणारा देव पक्षपाती आणि निर्दय ठरेल, हा आक्षेप वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनीच (२.१.३४) विचारात घेतलाय आणि कर्माच्या आधारे खोडलाय. पण ते विवेचन देवाच्या न्यायाविषयी आहे. अमक्याचं लेकरू कशामुळे आजारी पडलं, हे सांगायचा अधिकार त्यातून आपल्याला मिळत नाही. बायबलमधल्या ईयोब या सज्जन माणसावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस मुकाट्यानं जवळ बसले, तोवर ठीक होतं. मग ते कारणं सांगू लागले आणि शेवटी देवानं त्यांनाच दोष दिला.

माणसानं केलेला अन्याय त्याच्या स्वातंत्र्यानं समजावता येतो, पेशीतला बिघाड नाही. तिथं श्रद्धा म्हणजे कारण न कळताही देवाशी बोलणं चालू ठेवणं. रागानं बोललं तरी चालतं. नामदेव विठ्ठलाशी भांडलेच की! टेकडी गणपतीसमोर नुसतं 'का रे देवा?' म्हटलं, तरी ती प्रार्थनाच. मात्र केमोची तारीख चुकवून नवस फेडायला निघू नका.