नायनर्सचं २०२४ नेमकं कुठे बिघडलं

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स (नायनर्स) ही सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, ओव्हरटाइममध्ये हरलेली टीम पुढच्याच सीझनला ६-११ (६ विजय, ११ पराभव) कशी, आणि दोष क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) पर्डीचा की दुखापतींचा, असं विचारलंय. माझ्या मते दोन्ही उत्तरं अपुरी आहेत.

दुखापती होत्याच. २०२३ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू मॅककॅफ्री टाचेच्या दुखण्यावर उपचारांसाठी जर्मनीला जाऊन आला, चारच मॅच खेळला आणि बफेलोच्या बर्फात गुडघा दुखावून घेतला. रिसीव्हर (पास झेलणारा) आयुकचा सीझन दुखापतीने ऑक्टोबरमध्येच संपला. पण नुसतं हॉस्पिटलकडे बोट दाखवणाऱ्यांना मी तीन मॅच पुन्हा बघायला सांगेन.

रॅम्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये २४-१४ पुढे असताना २४-२७ हरलो, आणि रॅम्सकडे तेव्हा कप आणि नाकुआ हे त्यांचे मुख्य रिसीव्हर दोघंही नव्हते! कार्डिनल्सविरुद्ध हाफटाइमला २३-१०, शेवट २३-२४. त्यात किकर मूडी टॅकल करायला गेला नि घोटा दुखावून बसला, मग पंटरला (एरवी बॉल फक्त दूर मारून देणारा) किक मारायला लावली. नोव्हेंबरमध्ये सीहॉक्सविरुद्ध १७-१३ पुढे, १२ सेकंद राहिले असताना त्यांचा क्वार्टरबॅक जीनो स्मिथ स्वतः पळत टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण) करून गेला आणि आपण हरलो.

तिन्ही टीम आपल्याच डिव्हिजनमधल्या (लीगमधला चार टीमचा गट), म्हणून दुहेरी मार: आपली हार आणि प्रतिस्पर्ध्याची जीत. बाकी निकाल तसेच ठेवून या तीन मॅच फिरवा: नायनर्स ९-८, आणि १०-७ वाले रॅम्स व सीहॉक्सही ९-८. म्हणजे एवढं सगळं होऊनही डिव्हिजन हातात येऊ शकत होतं.

पर्डीचं म्हणाल तर टचडाउन पास ३१ वरून २० वर आले, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) मात्र ११ ची १२. घसरण आहे, पण त्याच्यासमोरची माणसं बघा. शिवाय आयुक आणि पर्डीला संरक्षण देणारा लाइनमन ट्रेंट विल्यम्स दोघांनीही कराराच्या रस्सीखेचीत ट्रेनिंग कॅम्प घालवला. त्याबद्दल मी मॅनेजमेंटला माफ करणार नाही.

डिसेंबरमध्ये तर आपल्याच डिफेन्समधल्या डीव्हाँड्रे कॅम्पबेलने रॅम्सविरुद्ध चालू मॅचमध्ये मैदानात उतरायलाच नकार दिला. तोवर सीझन गेलेलाच होता म्हणा.

जानेवारी २०२५ मध्ये स्पेशल टीम्सचे (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांचे) कोच श्नायडर गेले, डिफेन्सची जबाबदारी कोच सोरेन्सनकडून काढून सालेहकडे दिली. पर्डीला मात्र मे २०२५ मध्ये ५ वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. रोग कुठे होता हे टीमनेही असंच वाचलं, आणि मला ते पटतं. रक्कम जरा जास्त वाटते, एवढंच.