तालुक्याच्या कोर्टावर मुलांसाठी रहस्यकथा लिहायची आहे. खरं कोर्ट कसं चालतं आणि बारा-तेरा वर्षांच्या पोराला हिरो कसं करायचं?

तुम्ही प्रश्नाखाली गोष्टीचा सांगाडा दिलाय तो वाचला. गावात खून होतो, सातवीतला पोरगा आरोपी काकाच्या बाजूने कोर्टात उभा राहून सवाल-जवाब करतो आणि शेवटी खरा खुनी भर कोर्टात रडत रडत कबूल करतो. राग नका मानू, पण यातलं एकही आमच्या कोर्टात होत नाही. मी वकील नाही, जज तर नाहीच नाही. मी बेलिफ होतो, म्हणजे कोर्टाचे समन्स, नोटिसा, वॉरंट पिशवीत घालून गावोगाव फिरणारा माणूस. यवतमाळ जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांत मिळून नोकरी झाली, 2019 ला रिटायर झालो, आता नातू सातवीत आहे आणि त्याला झोपताना रोज नवी गोष्ट लागते. तर हा विषय माझ्या डोक्यात पहिलेपासूनच घोळून राहिला होता.

आधी सिनेमातलं सामान बाहेर काढा. जजसाहेबाच्या टेबलावर हातोडा नसतो, मी तरी एवढ्या वर्षांत एकदाही पाहिला नाही. गीतेवर हात ठेवत नाहीत, ईश्वराची शपथ घेतात नाहीतर प्रतिज्ञा करतात, 1969 चा शपथेचा कायदा आहे त्यासाठी. ज्युरी, म्हणजे निकाल द्यायला बसवलेली साधी माणसं, ती पण नाही, ते 1973 च्या फौजदारी संहितेनंतर संपलं. आणि पोरगा वकील होऊ शकत नाही हो, 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय वकिलीची सनदच मिळत नाही. इंग्रजी गोष्टींत चालत असेल, पण आपला मराठी पोरगा ज्याचा मामा किंवा काका पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, जाऊन बसलेला आहे तो पहिल्याच पानावर म्हणेल की हे खोटं आहे.

खून पण काढून टाका असं म्हणीन. एकतर खुनाचा खटला सेशन कोर्टात चालतो, त्यात पोलीस, पंचनामा, डॉक्टर, लॅबचे रिपोर्ट असं सगळं मोठ्या माणसांचं काम, पोराला त्यात जागाच उरत नाही. आणि खरं सांगू का, गावाकडे माणसं ज्याच्यावरून वीस वीस वर्षं कोर्टात येतात तो असतो धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध. दोन तास ट्रॅक्टर आडवा घालून चार फूट धुरा सरकवला की झालं. नाहीतर पांदण, म्हणजे शेताकडे जायची वाट, अडवली, नाहीतर कृषी केंद्राची उधारी, नाहीतर सातबाऱ्यावर एका बहिणीचं नावच चढलं नाही. यात खून नाही पण लबाडी भरपूर आहे, आणि ती लबाडी कागदात असते. रहस्य म्हणजे तेच तर, कोणीतरी खोटं लिहिलंय आणि कोणीतरी ते पकडणार. कागदातलं खोटं गावातलं पोरगं मोठ्यापेक्षा लवकर पकडतं, कारण त्याला गाव माहीत असतं आणि कागदाची भीती अजून बसलेली नसते.

आता माझ्यावर घडलेलं सांगतो, नाव-गाव सोडून. नव्वदच्या दशकातली गोष्ट, सोयाबीन सोंगणीचे, म्हणजे कापणीचे दिवस. उधारीच्या पैशाच्या दाव्यात एका शेतकऱ्याला समन्स द्यायचं होतं. घरी गेलो तर ओसरीत एक पोरगा, उंच, आवाज फुटलेला, वरच्या ओठावर काळसर लव. म्हटलं बाबा कुठे? म्हणे वावरात. म्हटलं तू मुलगा का? हाव म्हणे. म्हटलं अठरा झाले का रे? हाव म्हणे. मी कागद दिला, त्याने डुप्लिकेटवर मोत्यासारख्या अक्षरात सही केली आणि मी रिपोर्ट लिहिला, "प्रतिवादी घरी नसल्याने त्यांचे सज्ञान मुलास समन्स दिले." कायदा असाच आहे, माणूस घरी नसला आणि लवकर सापडायची शक्यता नसली तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाला देता येतं, बाई असो की पुरुष. नोकराला दिलेलं चालत नाही. आणि पोराला तर नाहीच नाही.

प्रतिवादी पेशीला आला नाही. शिपायाने पुकारा केला, कोणी उभं राहिलं नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला, म्हणजे तो नसतानाच त्याच्याविरुद्ध निकाल. काही महिन्यांनी दरखास्त, म्हणजे निकालाचे पैसे वसूल करायचा अर्ज, आली आणि जप्तीचं वॉरंट घेऊन परत मीच त्या घरी. घरची बाई म्हणे, "भाऊ, कोनता कागद? आमच्याकडं तं काहीच आलं नाही." बाप बैलाच्या कासऱ्याला धरून उभा, त्याला वाटलं मी बैल न्यायला आलो. (हे तुमच्या गोष्टीत नक्की घ्या. दिवाणी संहितेच्या कलम 60 प्रमाणे शेतकऱ्याची अवजारं आणि पोटापाण्याला लागणारी जनावरं जप्त करता येत नाहीत, पेरायचं बी पण नाही. मी त्याला ते सांगितलं तेव्हा त्याचा हात ढिला पडला. जप्तीत मी त्याची लुना गाडी लिहून घेतली.) तो पोरगा दाराआड उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं, पण मी नाही समजलो.

त्या माणसाने वकील केला. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला 30 दिवसांची मुदत असते, आणि समन्सच नीट बजावलं नसेल तर ते 30 दिवस हुकूमनामा माहीत झाला त्या दिवसापासून धरतात. म्हणजे मी वॉरंट घेऊन गेलो त्या दिवसापासून घड्याळ सुरू. रहस्यकथेला याच्याहून चांगलं घड्याळ नाही सापडणार तुम्हाला, बॉम्ब बिम्बची गरज नाही.

मग मी साक्षीच्या पिंजऱ्यात. बेलिफला पण बोलावतात हे लोकांना माहीत नसतं, बजावणीचा वाद निघाला की कोर्ट आम्हालाही शपथेवर विचारतं. त्याचा वकील म्हणे, तुम्ही वय विचारलं? हो म्हटलं. कागद पाहिला? नाही. मग वय कशावरून लिहिलं? मी म्हणालो, साहेब, दिसायला मोठा होता. कोर्टात जे हसले ते मला अजून ऐकू येतं. शाळेचा दाखला पुढे आला, पोराला समन्स दिलं त्या दिवशी 14 पण पूर्ण नव्हते.

इथे गोष्ट संपली असं वाटतं ना? नाही. समोरच्या वकिलाने खरा मुद्दा तर आता काढला. कायदा म्हणतो की नुसती बजावणीत चूक झाली म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही, प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि यायला वेळ होता असं दिसलं तर चूक असूनही तो कायम राहतो. म्हणजे सगळं अडकलं एका प्रश्नावर, पोराने बापाला सांगितलं होतं का? आणि ते फक्त पोरालाच माहीत. आता पहा, याला म्हणतात मुलाला हिरो करणं. त्याला वकील करायची गरजच नाही पडली, साऱ्या कोर्टाला ज्याची गरज होती ती एक गोष्ट त्याच्याचपाशी होती. आणि ती सांगायची म्हणजे वय खोटं सांगितलं आणि कागद लपवला हे बापासमोर, शाळेतल्या सरांसमोर (सर दाखला घेऊन आले होते) कबूल करायचं.

पोरगं साक्ष देऊ शकतं. कमीत कमी इतकं वय पाहिजे असा आकडा जुन्या पुरावा कायद्यात नव्हता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. प्रश्न समजला पाहिजे आणि त्याचं नीट उत्तर देता आलं पाहिजे, एवढंच पाहतात. 12 वर्षांखालच्या पोराला शपथेचा अर्थ कळत नसला तर शपथेशिवायही साक्ष घेता येते. जजसाहेब आधी गोड बोलून दोन-चार साधे प्रश्न विचारतात, नाव काय, शाळा कोणती, खोटं बोललं तर काय होते. आमच्या या पोराला विचारलं खोटं बोललं तर काय होते, तर तो म्हणे, "लुना जाते साहेब."

मग त्याने सांगितलं की सही केल्यावर त्याला भीती वाटली, शिक्का पाहून वाटलं बापाला पोलीस नेतील, म्हणून कागद घडी करून भूगोलाच्या पुस्तकाला घातलेल्या खाकी कव्हरच्या आत सरकवून दिला आणि बापाला काहीच बोलला नाही. समोरचा वकील म्हणे हे तर आता शिकवून आणलंय. पोराने दप्तरातून पुस्तक काढलं, कव्हर सोडलं, आणि माझ्या सहीचं समन्स जजसाहेबाच्या टेबलावर. घडीवर सोंगणीपासूनचा घाम आणि तेलाचा डाग. हुकूमनामा रद्द झाला, दावा परत चालला, बापाने शेवटी हप्त्याने पैसे दिले, कारण उधारी खरीच होती. आणि नाझरसाहेबांनी, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरच्या साहेबांनी, मला ऑफिसात बोलावून जे ऐकवलं ते इथे टाइप नाही करत.

तुम्हाला हीच गोष्ट लिहायची असेल तर लिहा, माझी काही हरकत नाही. पण तुमची वेगळी असेल तर सुगावे कुठे ठेवायचे ते सांगतो. बेलिफच्या रिपोर्टवर वेळ, तारीख, कोणी घर दाखवलं, कोणासमोर दारावर चिकटवलं हे सगळं लिहावं लागतं, आणि घरी बसून खोटा रिपोर्ट लिहिणारा माणूस इथेच फसतो. समजा रिपोर्टमध्ये लिहिलंय की "प्रतिवादी शेतात बैलाने वखर हाकीत असताना समन्स दाखविले, त्यांनी घेण्यास नकार दिला." आणि तारीख निघाली पोळ्याची! विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवणारा माणूस दाखवा मला. वकिलाचं लक्ष नाही गेलं, साहेब बाहेरगावचे, त्यांच्यासाठी ती नुसती एक तारीख. पण दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन फिरलेल्या पोराला ती तारीख पाठ असते, कारण त्याला तिथे बक्षीस मिळालं होतं.

दुसरं भाषा. साक्षीदार वऱ्हाडीत बोलतो आणि कागदावर शुद्ध मराठी उतरते, मधल्या मधे अर्थ पळून जातो. आमच्याकडे पोरं बापाला पण बुढा म्हणतात, रागात नाही, असंच. पोरगा म्हणाला, "बुढा घरी नोहता," आणि पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या कारकुनाने लिहिलं "आजोबा घरी नव्हते." आता आजोबा तर 3 वर्षांपासून फोटोत हार घालून बसलेले. समोरचा वकील म्हणतो पहा, साक्षीदार खोटा आहे, मेलेल्या माणसाबद्दल सांगतो. आणि अख्ख्या कोर्टात ते कोडं पोराशिवाय कोणाला सुटत नाही. असे शब्द शोधा, वावर म्हणजे शेत, बंडी म्हणजे बैलगाडी, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तुम्हाला पन्नास सापडतील. पण सगळ्याच पात्रांना वऱ्हाडी बोलायला लावू नका, जजसाहेब आणि रेकॉर्ड प्रमाण भाषेत ठेवा, नाहीतर हा सुगावा मरतो.

गोष्ट कोणत्या वर्षातली हे आधी ठरवून घ्या, हे महत्त्वाचं. आता बेलिफच्या हातात मोबाईल आला, एनस्टेप नावाचं ॲप आहे, समन्स दिलं तिथलं लोकेशन आणि फोटो चढतो, घरी बसून खोटा रिपोर्ट लिहायचा तर जरा कठीणच. केसचा सीएनआर नंबर, 16 अक्षर-आकड्यांचा, टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. आजची गोष्ट लिहिली तर पोरगं तो नंबर टाकून पाहिल्याशिवाय राहणार नाही आणि मग अर्धं रहस्य पहिल्या धड्यात खलास. मी तर म्हणतो 2000 च्या आसपास ठेवा, एसटीडी बूथ, लाल डब्बा, टाइपरायटरचा आवाज, कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली पेटी घेऊन बसलेला, लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जनवीस. हा अर्जनवीस सोडू नका बरं, गावातल्या प्रत्येकाची भानगड त्याला माहीत असते आणि तो चहाच्या बदल्यात पोराला कागद वाचायला शिकवू शकतो.

आणि लिहिण्याआधी एक दिवस कोणत्याही तालुका कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोर्ट उघडं असतं, बंद दाराआडच्या काही केसेस सोडल्या तर कोणीही बसू शकतं, फोन तेवढा बंद ठेवा. सकाळी 11 ला पुकारे सुरू होतात. उन्हाळ्यात जाऊ नका, मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि दिवाणी कोर्टाला सुट्ट्या पण असतात. पोळ्यानंतर या, सोयाबीन निघायच्या आधी, तेव्हा माणसं मोकळी असतात आणि धुऱ्याच्या केसेसवाले सगळे हजर असतात.