बायकोची चाळिशी वीस माणसांत साजरी करायची आहे, पण हॉल-केक-जेवण नको. सगळ्यांनी मिळून करण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की वाढदिवस जानेवारीत आहे, राहता पुण्यात, आणि येणारी मंडळी म्हणजे तिच्या ऑफिसच्या मैत्रिणी, शाळेचा ग्रुप आणि दोन्हीकडचे नातेवाईक. माझ्या मते खरी अडचण या तीन गोटांची आहे. केक कुठेही कापा, दहाव्या मिनिटाला ऑफिसवाल्या एका टेबलावर, शाळावाले दुसऱ्या टेबलावर आणि आत्या-मावश्या पंख्याखाली. मग आपण तिन्ही ठिकाणी फिरत ‘अजून घ्या ना’ करत बसायचं.

ताईच्या पन्नाशीला माझ्यापुढे हाच पेच होता. त्याआधी एका ओळखीच्यांकडे माइकवाला अँकर बघितला होता. तो ‘एनर्जी, एनर्जी’ म्हणत पाहुण्यांना उठवत होता आणि एकेक काका बुटाची लेस बांधायला खाली वाकत होते. त्यामुळे माइक पहिल्यांदा बाद केला. माणसांना नाचवण्यापेक्षा त्यांच्या हातापायांना काहीतरी काम द्यावं, ओळख आपोआप होते.

आम्ही पेठांमध्ये देव शोधायचा खेळ केला. पुण्यातल्या देवांची नावं तुम्हाला ठाऊक असतीलच: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा. नुसती यादी वाचली तरी हसू येतं. बहुतेक देव सदाशिव, नारायण, बुधवार या पेठांत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चिठ्ठ्या टाकून पाच-पाच जणांच्या टीम केल्या. नियम दोनच. प्रत्येक टीममध्ये तिन्ही गोटांतलं किमान एक माणूस हवं. नवरा-बायको एका टीममध्ये नकोत. (हा नियम माझ्या नवऱ्याने सुचवला, का ते मी विचारलं नाही.)

सकाळी आठला शनिपाराशी जमलो आणि प्रत्येक टीमला कोड्यांचा एकेक कागद दिला. कोडी घरीच रचली होती, साधीच: ‘एकादशी नसली तरी हा जेवत नाही.’ ‘हातात बासरी, नावावर मात्र रक्त.’ नुसता सेल्फी काढून आणायचा असता तर सगळ्यांनी मोबाइलवर नकाशा बघून अर्ध्या तासात उरकलं असतं. म्हणून अट घातली की देवाला ते नाव कसं पडलं, हे आसपासच्या दुकानदाराला विचारून यायचं. इथे खरी मजा आली. जिलब्या मारुतीच्या नावाबद्दल तीन टीमनी तीन गोष्टी आणल्या. शेजारचा मिठाईवाला देवाला रोज जिलब्यांची माळ घालायचा, ही त्यातली सर्वांना पटलेली. चौथी टीम पोचलीच नाही. ती वाटेत अमृततुल्यमध्ये चहाला थांबली आणि तिथे ताईच्या ऑफिसातल्या मॅडम आणि आमच्या सासरच्या काकू एकाच तालुक्यातल्या निघाल्या. झालं! चाळीस मिनिटं गेली. त्या टीमला शेवटचा नंबर आला, पण त्या दोघी अजून एकमेकींना दिवाळीचा फराळ पाठवतात.

माझी एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. ताईला मी परीक्षक केलं होतं. म्हणजे खेळ संपत होता त्या मंडईत, त्या 1886 सालच्या दगडी इमारतीपाशी, ती सगळ्यांच्या पर्स सांभाळत तास-दीड तास एकटी उभी. तिच्याच वाढदिवसाला! तुमच्या बायकोला टीममध्ये घ्या, कोडी मात्र तिला आधी कळू देऊ नका.

जानेवारी आहे म्हणून दुसरा पर्याय हुरड्याचा, आणि मंडळींत गुडघेदुखीवाले जास्त असतील तर मी हाच निवडेन. पुण्याच्या आसपास सीझनमध्ये शेतांवर हुरडा पार्ट्या चालतात. आगटीभोवती गोल करून बसायचं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली जातात. गरम कणीस तळहातावर घेऊन चोळायचं, हात पोळतात, एका हातातून दुसऱ्यात टाकत फुंकर मारली की कोंडा उडतो आणि मुठीत हिरवे, लुसलुशीत दाणे उरतात. ज्याला जमतं तो चोळतो, ज्याला जमत नाही तो शेजाऱ्याच्या मुठीकडे बघत बसतो, मग शेजारी त्याला शिकवतो. सगळ्यांचे हात सारखेच काळे झाले की कोण कोणाकडचं ते राहत नाही. सोबत लसणाची आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं, रेवड्या. वर पाणी पिऊ नका, ताक प्या, असं सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असतेच.

फोनवर चौकशी करताना स्विमिंग पूल आहे का हे नंतर विचारा. कणसं त्याच दिवशी तोडलेली असतात का, हे आधी विचारा. दाणा कोवळा असण्याचे दिवस थोडेच असतात आणि तोडून ठेवलेल्या कणसाचा गोडवा जातो. शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा डिसेंबरातच ठरवून टाका. ‘डीजेची सोय आहे’ असं कोणी कौतुकाने सांगितलं तर दुसरीकडे फोन लावा.

दुपारच्या जेवणानंतर जी सुस्ती येते, तेव्हा हाउजी. पण नेहमीची नको. तिकिटावर 15 आकडे असतात, 1 ते 90 मधले. त्यातल्या वीस-पंचवीस आकड्यांना तिच्या आयुष्यातले प्रश्न लावा आणि आकडा न पुकारता प्रश्न पुकारा. आम्ही विचारलं होतं, ‘ताईच्या लग्नात लेमनसेट किती आले?’ उत्तर सतरा. ते फक्त आईला माहीत होतं, त्यामुळे एरवी कोपऱ्यात बसणाऱ्या आईभोवती अख्खी पार्टी गोळा झाली. दहावीचे गणिताचे मार्क, पहिल्या भाड्याच्या घराचा नंबर, ड्रायव्हिंगची टेस्ट कितव्यांदा पास झाली, असलं काहीही चालतं. वजन सोडून.

केक नको म्हणताय, तर औक्षण करा. कणकेचे चाळीस छोटे दिवे, प्रत्येकाने दोन-दोन लावायचे. वीस माणसं आहेत, हिशोब बरोबर बसतो. दिवे आदल्या रात्री वाफवून ठेवा आणि शेतावर करणार असाल तर आडोसा बघा, वारा असतो.

अशा वेळी लोक नेहमी सुचवतात त्या बाकी गोष्टींबद्दल थोडक्यात: अंताक्षरीत दोन गाणारे गातात आणि अठरा जण टाळ्या वाजवतात. बॉक्स क्रिकेटला निम्मी माणसं जाळीबाहेर बसतात. सिंहगड पायी चढून वर पिठलं-भाकरी, ही कल्पना मलाही फार आवडते, पण ती रोज चालणाऱ्या सहा-आठ जणांसाठी. सरप्राइजचं म्हणाल तर जागा लपवा, तारीख लपवू नका. काय घालायचं हे ठरवायला तिला वेळ लागणारच.

आणि पेठांचा खेळ करायचं ठरलं तर रविवार धरा. शनिवारी मारुतीसमोर रांग असते आणि तेलाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘याला जिलब्या का म्हणतात हो?’ असं विचारलं की काय ऐकावं लागतं, ते आमच्या रंगीत तालमीत कळलंय.