वाचकांचे प्रश्न : सापळ्यात पतंग, तरी बोंडात अळी का?

प्रश्न : कपाशीतल्या कामगंध सापळ्यांत रोज गुलाबी बोंडअळीचे पतंग अडकतात, तरीही बोंडे किडकी निघतात. सापळे निरुपयोगी आहेत का? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : निरुपयोगी नाहीत, मात्र त्यांच्याकडून अपेक्षा चुकीची ठेवली जाते. सापळ्यातील वडीला मादीसारखा गंध असल्याने त्यात नरच अडकतात, आणि आधीच मीलन झालेली मादी शेजारच्या शेतातूनही येऊन अंडी घालू शकते. म्हणून एकरी दोन सापळे हे मुख्यतः पाहणीचे साधन समजावे. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 किंवा अधिक पतंग आढळले, की फवारणीचा निर्णय घ्यावा. उशीर झाल्यास उपयोग होत नाही, कारण अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, तिचे छिद्र बुजते आणि औषध आत पोहोचत नाही. सापळ्याइतकेच फुलांकडेही लक्ष द्यावे. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या दिसल्या, तर ती डोमकळी होय. ती उघडल्यास आत बहुधा अळी सापडते. अशा कळ्या तोडून नष्ट कराव्यात. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून आणखी बोंडे घेण्याचा, मोह मात्र टाळाच, कारण ही अळी मुख्यतः कपाशीवर पोसली जाते आणि उरलेल्या बोंडांत, पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगात सुप्तावस्थेत पुढच्या हंगामाची वाट पाहते.