प्रश्नमंजूषेचा खेळ आणि वहीतली वजाबाकी

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. गणिताच्या प्रश्नमंजूषेत ती भराभर उत्तरे देते, पण वहीत हातच्याची वजाबाकी हमखास चुकते. अशा खेळाचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : निश्चित होतो, मात्र खेळ काय पक्के करतो आणि काय नाही, हे पालकांनी ओळखायला हवे. पाढे, वीसच्या आतील बेरीज-वजाबाकी यांसारख्या गोष्टी चटकन आठवाव्यात यासाठी खेळ उत्तम आहे, कारण त्यात उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळते. परंतु चार पर्याय समोर असले की मूल पुष्कळदा उत्तर काढत नाही, अंदाजाने निवडते. वहीत ही पळवाट नसते.

तिने केलेली चूक नीट पाहा. ५२ – २८ चे उत्तर ३६ आले असेल, तर तिने एककस्थानी ८ मधून २ वजा केले आहेत; ३४ आले असेल, तर दशक सुटा केला, पण उरलेल्या दशकांतून तो कमी करायचा राहिला. दोन्ही चुकांवरचा उपाय वेगळा आहे आणि खेळातले गुण हा फरक दाखवत नाहीत. पहिल्या चुकीसाठी काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवावेत. दुसरीसाठी दशकस्थानचा अंक खोडून नवा लिहिण्याची सवय पुरते.

शक्य असल्यास उत्तर टंकायला लावणारा खेळ निवडावा, सुरुवातीला वेळेची मर्यादा बंद ठेवावी आणि चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा सोडवून घ्यावेत.