सीताफळ: गर खा, बी फोडू नका
बालाघाटाच्या डोंगरातलं रानचं सीताफळ तोडताना आधी डोळे बघा. दोन डोळ्यांमधली खाच रुंद होऊन पिवळसर-पांढरी दिसली की फळ तयार. कोवळं तोडलेलं पिकत नाही, काळं पडून आकसतं. तयार फळ आढीत 2-4 दिवसांत पिकतं.

खरा धोका बियांत. अख्खी बी गिळली गेली तर सहसा तशीच बाहेर पडते. फुटली की विष. म्हणून बियांसकट गर मिक्सरमध्ये घालू नका, चाळणीवर हातानं हळू चोळा. उवांसाठी बियांची पूड तर डोक्याला मुळीच लावू नका! डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते. गेलीच तर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

बासुंदीत गर घालायचा तर ती थंड झाल्यावर. तापवला की कडवट होतो.