बारावीनंतर कशातच लक्ष नसलेल्या मुलाला सैन्यात पाठवावं का?

ताई, तुमच्या मुलाला बारावी सायन्सला ४८ टक्के पडलेत, पुढं शिकायचं नाही म्हणतो, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतो आणि सकाळी अकराला उठतो. घरातले सगळे म्हणतायत, "आर्मीत टाका, सरळ होईल." टाकावं का, असं तुम्ही विचारलंय.

टाकू नका.

तो "टाका" शब्दच मला लागला, म्हणून लिहायला बसलो. मी १९९८ साली इन्फंट्रीत, म्हणजे पायदळात भरती झालो आणि २०२२ ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. चोवीस वर्षं नोकरी केली, तरी आमचा दादा अजून चारचौघांत सांगतो, "ह्याला काही जमत नव्हतं, म्हणून फौजेत टाकला." आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या घरी जाऊन कुणी म्हणून दाखवावं, की निकामी पोरांची सोय म्हणून फौज असते.

आता एका रंगरूटाची, म्हणजे नव्या भरतीच्या पोराची, गोष्ट सांगतो. २०१० च्या सुमारास मी ट्रेनिंग सेंटरला उस्ताद, म्हणजे शिकवणारा, होतो. माझ्या प्लाटूनमध्ये बारामतीकडचा एक मुलगा आला. उंच, छाती भरलेली, पळायला हरणासारखा. भरतीत त्याला काहीच अडचण आली नसणार. पण पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं, की रविवारी सगळी पोरं घरी फोन लावायला एसटीडीपुढं रांग लावायची आणि हा बॅरेकमध्येच बसून राहायचा. बूट घासायचा, पण पुढचं टोक चमकलं की झालं, टाच तशीच. सांगितलं तेवढंच करायचा. शिक्षा दिली तर शिक्षा भोगायचा, तोंडावर राग नाही की लाज नाही. असा रंगरूट उस्तादाला सगळ्यात जड जातो. उलट बोलणाऱ्याला वळवता येतं.

पाच किलोमीटरची टेस्ट होती. पाठीवर पिट्ठू, हातात चार किलोची इन्सास रायफल, आणि वेळ मोजलेला. तिसऱ्या किलोमीटरला हा रस्त्याच्या कडेला बसला. पाय मुरगळला नव्हता, दमही लागला नव्हता. नुसता बसला. त्याच्या सेक्शनमध्ये नंदुरबारकडचा एक बारका पोरगा होता, भरतीची उंची जेमतेम भरलेला. तो मागं वळला, ह्याची रायफल ओढून घेतली, ह्याला दंडाला धरून उठवलं आणि दोन रायफली घेऊन पळत सुटला. शेवटच्या चढाला त्याच्या दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्या घसरत होत्या, तो कोपरांनी त्या वर ढकलत होता. मोठा पोरगा रमतगमत वेळेत आला. बारका बारा सेकंदांनी नापास झाला.

नापास म्हणजे नापास, मी वेळ बदलू शकत नव्हतो. बारका रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन रडला. त्याच्या घरी पाच बहिणी होत्या आणि ही नोकरी त्यानं मागून घेतली होती. मी मोठ्याला बाहेर बोलावलं आणि विचारलं, का बसलास? तो म्हणाला, "उस्ताद, मी इथं आलोच नाही. मला आणलंय." फॉर्म वडिलांनी भरला होता, मैदानावरही वडीलच मोटरसायकलवर मागं-मागं असायचे.

ताई, घरातले सल्ला देणारे हे धरतच नाहीत. तुमचा मुलगा तिथं एकटा पळणार नाही. त्याचं ओझं दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाच्या खांद्यावर जाणार. ट्रेनिंगमध्ये बारा सेकंद गेले, सीमेवर काय जाईल ते मी लिहीत नाही.

आता तुमचं विचारलेलं. ४८ टक्क्यांवर टेक्निकलचा फॉर्म भरता येत नाही, तिथं बारावी सायन्सला ५० लागतात. जीडी, म्हणजे जनरल ड्यूटीच्या साध्या सैनिकाचा, भरता येईल, त्याला दहावीचे ४५ टक्के बघतात. मी पेन्शन आलो त्याच वर्षी जूनमध्ये अग्निपथ योजना आली, त्यामुळं भरती आता चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षी पगार महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत कापून २१,००० हातात. चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात, पेन्शन नाही. चारातल्या एकालाच पुढं कायम करतात, तेही चार वर्षांच्या कामगिरीवर. मन नसलेला पोरगा त्या एकात बसेल का, तुम्हीच बघा. बाकीचे तिघं बावीस-तेविसाव्या वर्षी परत घरी, आणि तेव्हा कॉलेजचे सोबती पुढं गेलेले असतात.

जायचंच असेल तर त्यानं जावं. तीन महिने त्याला उठवू नका. पहाटे स्वतः उठून सोळाशे मीटर पळतोय का बघा. भरतीत साडेपाच मिनिटांत आला तर पूर्ण ६० गुण आहेत, दहा पुलअप्सना ४०. लेखी परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म त्यानंच भरावा, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येऊ दे. भरती अकॅडमीची फी भरून डांबू नका. आणि जेवण सुटलं असेल, मित्र तुटले असतील, तर तो आळस नसेलही. आधी डॉक्टरला दाखवा. अशा मुलाच्या हातात रायफल देण्याची घाई कुणी करू नये.

एक गोष्ट लपवली तर खोटं होईल. तो बारामतीकडचा मुलगा मागच्या बॅचला ढकलला गेला, पण पास झाला. २०१६ ला पठाणकोट स्टेशनवर त्यानं मला ओळखलं आणि माझी ट्रंक उचलली. बाहीवर लान्स नायकाची फीत होती. सरळ झालाय, म्हणजे तुमचे नातेवाईक अगदीच चूक नाहीत. चहा पिताना मी विचारलं, वडील काय म्हणतात? तो म्हणाला, "बोलणं नाही, उस्ताद. पैसे पाठवतो." बारकाही पुढच्या टेस्टला पास झाला होता, हे मात्र त्यानं न विचारता सांगितलं.

मी स्वतः तीन भरत्या केल्या. पहिलीत छाती पाच सेंटिमीटर फुगायला हवी होती, माझी चार फुगली. दुसरीत पळण्यात मागं पडलो. तिसऱ्या वेळी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर पेपर अंथरून झोपलो आणि पहाटे तीनला रांगेत लागलो. मला कुणी उठवलं नव्हतं, आणि दादा तेव्हा पुण्याला होता. त्यानं हे वाचलं तर त्याच्यासाठीच लिहितो: १९९६ ला मी बारावी ६२ टक्क्यांनी पास झालो होतो. मार्कशीट आईच्या ट्रंकेत आहे, तिच्या लुगड्यांच्या खाली.